काळ्या पाण्याच्या वड्या

प्रिय मीरा आणि रोहन,

मीरा, तू पाठवलेलं कात्रण परवा मिळालं. तुमच्या तिकडे एका कंपनीने कागदाच्या लगद्यातून वाया जाणाऱ्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा अर्क, चिकटद्रव्य आणि आणखी काय काय करायला घेतलं आहे, त्याची ती बातमी. समासात तू लिहिलं आहेस, "आजी, हे अगदी नवीन आहे. तुला गंमत वाटेल." वाटली. ‘अगदी नवीन’ या दोन शब्दांची जास्त वाटली.

हे काम मी केलेलं आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं, मी बावीस वर्षांची होते आणि खालापूर तालुक्यातल्या एका लहानशा कागद गिरणीत केमिस्ट होते. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, कारण या हकिगतीत मी फारशी शहाणी दिसत नाही. पण त्या वेळची माणसं आता राहिली नाहीत, आणि तुझा तो शेरा काही मला स्वस्थ बसू देईना. म्हणून क्रमाने लिहिते. अवघड शब्द येईल तिथे अर्थ सांगेन. रोहन, आईकडून वाचून घेऊ नकोस. स्वतः वाच.

सुरुवात तुझ्या त्या व्हॅनिलापासूनच.

मी प्रयोगशाळेत एक छोटी बाटली हातात धरून उभी होते. प्रयोगशाळा म्हणजे बॉयलरशेजारची पत्र्याची खोली. समोर गिरणीचे मालक, दादासाहेब. त्यांनी बाटलीचं बूच काढलं, वास घेतला आणि बूच परत लावलं.

"हा व्हॅनिला?"

"थोडा आहे."

"मला तर जळक्या गुळाचा वास येतो."

"त्याच्या मागे व्हॅनिला आहे, दादासाहेब."

"किती मागे?"

दादासाहेबांनी मुंबईतल्या एका आइस्क्रीमवाल्याला शब्द देऊन ठेवला होता. युद्धामुळे परदेशी अर्क येईनासा झाला होता, आणि एका अमेरिकन मासिकात त्यांनी वाचलं होतं की कागद गिरणीच्या टाकाऊ पाण्यातून व्हॅनिला निघतो. लेखाचा पहिला परिच्छेद त्यांनी वाचला होता. दुसऱ्या परिच्छेदात जी यंत्रं लागतात असं लिहिलं होतं, ती मुंबई इलाख्यात कुणाकडेच नव्हती. त्याआधी त्यांनी याच पाण्याचं पिंप एका चामडं कमावणाऱ्याकडे पाठवलं होतं. कातडं परत आलं ते पापडासारखं. सोबत चिठ्ठी होती, तिच्यात काय लिहिलं होतं ते दादासाहेबांनी कुणाला दाखवलं नाही.

आता हे पाणी म्हणजे काय ते सांगते. लाकूड म्हणजे बारीक तंतू आणि त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारा डिंक. तंतूंचा कागद होतो. डिंक म्हणजे लिग्निन, त्याचा कागदाला उपयोग नाही. म्हणून बांबूचे आणि हलक्या लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोड्यात शिजवतात. ज्या बंद भांड्यात शिजवतात त्याला डायजेस्टर म्हणतात. आपला प्रेशर कुकरच, फक्त खोलीएवढा. शिजल्यावर लगदा वेगळा काढतात, आणि उरतं ते लिग्निन विरघळलेलं काळंकुट्ट पाणी. मोठ्या कारखान्यात ते आटवून जाळतात आणि सोडा परत मिळवतात. आमच्याकडे ती सोय नव्हती. आमच्याकडे ओढा होता.

ओढ्याच्या खालच्या अंगाला एक वाडी होती. भातशेतीवर जगणारी पंचवीस-तीस घरं. गिरणीत बांबू तोडायला आणि लगदा निवडायला येणाऱ्या बहुतेक बायका त्याच वाडीच्या. म्हणजे दिवसभर ज्या पाण्यात हात घालायच्या, तेच पाणी संध्याकाळी त्यांच्या दाराशी त्यांच्या आधी पोचलेलं असायचं. मासे संपले. म्हशी ओढ्याला तोंड लावेनात. वाडीतल्या पुरुषांनी खालापूरला मामलेदारांकडे अर्ज केला. मामलेदार आले, त्यांनी काठी पाण्यात बुडवली, बाहेर काढली, तिच्याकडे पाहिलं आणि शिपायाकडे दिली. मग नोटीस आली. होळीपर्यंत ओढा साफ झाला नाही, तर गिरणीला टाळं.

दादासाहेबांनी ती नोटीस माझ्या टेबलावर ठेवली.

"बाई, तुम्ही बी.एस्सी. ना?"

"हो."

"मग या पाण्याचं काहीतरी करा. गिरणी बंद झाली तर सगळ्यांत आधी प्रयोगशाळा बंद."

प्रयोगशाळा म्हणजे मी. वडिलांनी मला नोकरीसाठी एक वर्ष दिलं होतं. वर्षाआधी घरी परतले असते, तर घरात चहाचा ट्रे तयार होता आणि तो घेऊन पाहुण्यांसमोर जायला मी. म्हणून सांगते, ओढ्याची काळजी मला होती, पण पहिली काळजी माझी मला होती.

कल्पना सुचली ती हुसेनभाईंमुळे. हुसेनभाई जवळच्या चौक गावचे. त्यांची एक लॉरी होती. आमचा कागद ते कर्जत स्टेशनला पोचवायचे. पेट्रोलवर नियंत्रण होतं, म्हणून लॉरी कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे माणसाच्या उंचीचा एक ड्रम बसवलेला असे. त्यात लाकडी कोळसा धुमसत ठेवायचा, त्यातून निघालेला गॅस कापडाच्या गाळणीतून इंजिनात जायचा. गाडी चालू करायची म्हणजे आधी अर्धा तास पंखा फिरवायचा. हुसेनभाई म्हणायचे, "बाई, एवढ्या वेळात माझा आजा बैलगाडीनं खोपोलीला पोचायचा."

त्या दिवशी ते गाळणी झटकत होते. सगळे काळे झाले होते, फक्त डोळे तेवढे पांढरे.

"कोळसा कसला येतो बाई आताशा, निस्ती भुकटी. कर्जतच्या गोदामात बघा, ढीग पडलाय ढीग. ती घातली की गाळणी बंद, गाडी बंद, आन मी घाटात नमाजाला बसल्यासारखा बसलेला."

मला वाटलं, काळ्या पाण्यात लाकूड चिकटवणारा डिंक आहे. कर्जतला लाकडाच्या कोळशाची भुकटी पडलेली आहे. डिंक आणि भुकटी एकत्र आणली, दाबून वड्या पाडल्या, तर ओढा सुटेल आणि हुसेनभाईही सुटतील.

दादासाहेबांना कल्पना इतकी आवडली की चहा संपायच्या आत ती त्यांची झाली. त्यांनी मुंबईला पेट्रोल-नियंत्रणाच्या गोऱ्या साहेबाला पत्र लिहिलं, की आम्ही एक शोध लावला आहे. मी म्हटलं, "अजून लावलेला नाही." ते म्हणाले, "पत्र पोचायला चार दिवस लागतात."

त्यांचं म्हणणं, काळं पाणी सरळ भुकटीत ओतावं आणि मोकळं व्हावं. त्यात सोडा होता. तापल्यावर त्याने ड्रमचं अस्तर खाल्लं असतं. हे ऐकून हुसेनभाईंनी ड्रमवर हात ठेवला, जसा आपण मुलाच्या डोक्यावर ठेवतो. म्हणजे आधी लिग्निन पाण्यातून वेगळं काढायला हवं होतं. त्याला आम्ल लागतं, आणि युद्धात आम्ल मिळत नव्हतं. पण बॉयलरच्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो पाण्यात सौम्य आम्लाचं काम करतो. मी फिटरकडून धुराड्याला एक नळी जोडून घेतली आणि धूर काळ्या पाण्यातून बुडबुडे काढत सोडला. दोन तासांनी तळाशी तपकिरी गाळ बसू लागला. तेच लिग्निन. वरच्या पाण्याचा रंग चहासारखा झाला. त्यात चुना घातला की थोडा सोडाही परत मिळायचा, तो डायजेस्टरमध्ये जायचा. ओढ्यात जाण्यासारखं फार थोडं उरायचं.

इथपर्यंत मी हुशार होते. हा भाग तुम्ही दोनदा वाचलात तरी चालेल.

गाळ जुन्या धोतरांतून गाळला, धुतला, भुकटीत मिसळला आणि फिटरने केलेल्या लोखंडी साच्यात दाबला. दाबायचं काम वाडीच्या सहा बायकांकडे. त्यांची मुकादम भागीमावशी. पन्नाशीची, काटक, तोंडाने फटकळ. वडी साच्यातून छान निघायची. उन्हात ठेवली की संध्याकाळपर्यंत तिचा भुगा. तूप कमी पडलेल्या बेसनाच्या लाडवासारखा.

भागीमावशी भुगा सुपात भरून माझ्या दाराशी आणून ओतायची.

"घ्या बाय, तुमची काळी भुकटी. सकाळी गेली, सांजेला परत आली. म्हायेरवाशिनीवानी."

"मावशी, नीट दाबता ना?"

"आता यापरीस नीट दाबायचं तं आमी सोता साच्यात बसतो."

मी प्रमाण बदललं. गाळ जास्त घेतला, पाणी कमी केलं, सावलीत सुकवून पाहिलं. प्रत्येक बदल वहीत लिहिला. सहा घाणे झाले, सहाही फुटले. होळीला तीन आठवडे राहिले. साहेबांचं उत्तर आलं, ते स्वतः पाहायला येणार होते. दादासाहेब रोज येऊन विचारायचे, "झालं?" आणि मी ‘नाही’ म्हणायच्या आत निघून जायचे, म्हणजे त्यांच्या हिशेबी ‘नाही’ ऐकलेलंच नसायचं.

सातव्या घाण्याला मी धूर दोनऐवजी तीन तास सोडला.

दुसऱ्या दिवशी वड्या शाबूत होत्या. तिसऱ्या दिवशीही. मी एक वडी फरशीवर टाकली, तिचा टवकाही उडाला नाही. मी वहीत लाल शाईने लिहिलं की धुराचा वेळ वाढवल्याने लिग्निनची चिकटण्याची शक्ती वाढते. खाली दोन रेघा मारल्या. वडिलांना पत्र टाकलं. बायकांना गोळा करून या यशामागचं रसायनशास्त्र सोप्या भाषेत समजावून सांगितलं. त्या पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. मला वाटलं, भारावल्या आहेत.

चाचणी खोपोलीपासून बोरघाट चढून खंडाळ्यापर्यंत ठरली. पेट्रोल वाचवण्याची ही चाचणी पाहायला साहेब मुंबईहून पेट्रोलच्या मोटारीतून आले. दादासाहेबांनी फोटोग्राफर आणला होता. लॉरीवर कागदाची रिमं लादली, वड्यांची पोती चढवली, आणि पोत्यांवर भागीमावशी चढून बसली.

दादासाहेब म्हणाले, "ही कशाला?"

"वड्या आमच्या हायत. आमी येनार," भागीमावशी म्हणाली आणि पदर खोचून पाय सोडून बसली. फोटोत ती आली. दादासाहेबांचा अर्धा चेहरा तिच्या पायाआड गेला.

लॉरी घाट चढली. रडतखडत चढली, पण कुठे थांबली नाही. खंडाळ्याला हुसेनभाईंनी उतरून गाळणी उघडली आणि सगळ्यांना दाखवली. नेहमीच्या निम्मीही धूळ नव्हती. साहेबांनी एक वडी बुटाखाली दाबून पाहिली. फुटली नाही. त्यांनी मला विचारलं, हे कसं जमलं? मी तीन तास धुराचं व्याख्यान दिलं. दादासाहेब शेजारी मान हलवत होते, जणू धूर त्यांनी स्वतः सोडला होता.

साहेब सभ्य गृहस्थ होते. निघताना त्यांनी भागीमावशीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "यांना विचारा, हे काम फार कष्टाचं आहे का?"

मी विचारलं.

"पैलं लई व्हतं," भागीमावशी म्हणाली. "दाबा, फुटली, परत दाबा. कंबरंचा काटा ढिला. पेज घालाया लागलो तवापासून काय तरास नाय."

मी हातातल्या वहीकडे पाहिलं.

साहेबांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

दादासाहेब इंग्रजीत घाईघाईने म्हणाले, "ती म्हणते की ती अतिशय सुखी आहे, सर."

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "त्यापेक्षा जास्त बोलल्या त्या."

मुलांनो, पेज म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल. आमच्याकडे भात भरपूर पाण्यात शिजवून वेळायचा, म्हणजे जास्तीचं पाणी काढून टाकायचं. ते दाट पांढरं पाणी म्हणजे पेज. घरात पितात, म्हशीला घालतात, कपड्यांना खळ करतात. बायकांनी सातव्या घाण्यापासून घरून हंडे भरून पेज आणायला सुरुवात केली होती. माझे तीन तास आणि त्यांची पेज एकाच दिवशी सुरू झाली होती. आणि मी वहीत लाल शाई वापरली होती.

खोटं भाषांतर करायला मला एक क्षण होता. दादासाहेब सोडले तर फक्त मलाच दोन्ही भाषा येत होत्या. खरं सांगितलं असतं तर काळ्या पाण्याला काही अर्थ राहत नव्हता. गिरणीला टाळं, आणि मला चहाचा ट्रे. दादासाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्या नजरेत माझा पुढचा पगार, राजीनामा आणि गाडीभाडं सगळं होतं.

पण भागीमावशी पोत्यावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिचं बोलणं मी पुरतं सांगते आहे की कापते आहे, एवढं मात्र तिला कळलं असतं.

मी सांगितलं. भाताची पेज, सर.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "तांदूळ? माणसांना रेशन लावलंय आम्ही. आणि तुम्ही तो लॉरीत जाळता?"

मी भागीमावशीला हे मराठीत सांगितलं.

"त्याला सांग बाय," ती म्हणाली, "तांदूळ आमी खातो. त्येचं पानी त्येची गाडी पिते. म्हशीच्या वाटचं हाय, म्हस काय बोलंल ती आमाला बोलंल."

मी तेही जसंच्या तसं सांगितलं. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी टोपी काढून परत घातली. मग मला म्हणाले, "मग मिस, तुमचं लिग्निन नेमकं काय करतं?"

"मला माहीत नाही, सर."

सरकारी माणसासमोर हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं. दादासाहेबांनी तर कुणासमोरच कधी उच्चारलं नव्हतं. फोटोग्राफरने नेमका तेव्हा फोटो काढला.

साहेब म्हणाले, "मग शोधून काढा. आठवड्याने मी परत येईन." होळीला दहा दिवस होते.

उतरताना मी लॉरीत भागीमावशीशेजारी बसले.

"मावशी, मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं नाय."

"तरी पण."

"अगं बाय, तुमी तिकडं वहीत लिवत व्हता. आमी म्हनलं, लिवनाऱ्या मानसाला हाक मारू नये. आन तुमी येवढी धुराची गोष्ट सांगितली गोड, कोन मोडंल?"

पुढून हुसेनभाई ओरडले, "मावशे, माझ्या गाडीला जेवायला घातलंस ते बरं केलंस. आता लोणचं पण टाक!"

"गप रं हुसेन, म्होरं बघ. दरी हाय."

मी वही उघडली. लाल शाईचं वाक्य खोडलं नाही, कारण वहीत खोडायचं नसतं. खाली लिहिलं, ‘चूक. कारण निराळे.’

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, ते केलं. दोन प्रकारच्या वड्या पाडून घेतल्या. एक, भुकटी आणि फक्त पेज. दुसरा, भुकटी, पेज आणि लिग्निन. फक्त लिग्निनच्या वड्यांचं काय होतं ते सुपात बघून झालं होतं. नुसत्या पेजेच्या वड्या इतक्या टणक झाल्या की भागीमावशीने एका वडीने खुंटी ठोकून दाखवली.

"झालं तुमचं काम," ती म्हणाली. "आता धूर बी नको, काळं पानी बी नको."

तिच्या आवाजात दया होती. ती मला सर्वांत जास्त लागली.

साहेब आले. पुन्हा खोपोली, पुन्हा घाट. आधी नुसत्या पेजेच्या वड्या. लॉरी पहिली वळणं झोकात चढली. मागून येणाऱ्या साहेबांच्या मोटारीत दादासाहेब माझ्यापासून दोन हात अंतर ठेवून बसले होते. निम्म्या घाटात इंजिन खोकलं, गुरगुरलं आणि बंद पडलं. हुसेनभाईंनी चाकाखाली दगड लावला आणि गाळणी उघडली. काळी धूळ भसाभस बाहेर आली. ड्रम थंड झाल्यावर झाकण काढलं. आत वड्या नव्हत्याच. भुकटी होती, कर्जतच्या गोदामातल्यासारखी.

भागीमावशी वाकून आत बघत राहिली. "आन माझ्या वड्या?"

"पेज जळून गेली, मावशी. धरून ठेवायला काही उरलं नाही."

ड्रम साफ करून दुसऱ्या वड्या भरल्या. हुसेनभाईंनी पंखा फिरवला. एव्हाना ऊन माथ्यावर आलं होतं. लॉरी निघाली आणि थेट खंडाळ्यापर्यंत गेली. तिथे ड्रम उघडला. वड्या अर्ध्या जळून लहान झाल्या होत्या, पण वड्याच होत्या. कडा थोड्या वितळल्यासारख्या गुळगुळीत.

तेव्हा मला उलगडा झाला. लिग्निन थंड असताना चिकटत नाही. तापलं की मऊ होतं आणि मग धरतं. झाडात ते कसं बसतं ते झाडाला ठाऊक, पण साच्यात ते नुसती माती असतं. पेजेचं उलट. ती थंडीत धरते आणि आचेत सोडते.

भागीमावशीने विचारलं, "म्हंजी माजी पेज फुकाट का?"

"फुकट नाही. गरम होईपर्यंत तुमची पेज. गरम झाल्यावर माझं काळं पाणी."

तिने थोडा विचार केला. "मंग काय, अर्धी अर्धी शानी झालो आपन."

साहेबांनी हेही भाषांतर करून मागितलं. ते ऐकून मात्र ते हसले. वड्या गाडीत वापरायला परवानगीचं पत्र मिळालं.

होळीच्या आदल्या दिवशी मामलेदार ओढ्यावर आले. पाणी फिकट चहासारखं होतं. मासे काही परत आले नव्हते, ते एवढ्यात येणारही नव्हते. वाडीच्या पाटलाने आपली म्हैस पुढे आणली. म्हशीने वास घेतला, आमच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि ती पाणी प्यायली. मामलेदारांनी म्हशीची साक्ष ग्राह्य धरली. नोटीस मागे घेतली गेली. माझी प्रयोगशाळा राहिली, आणि वडिलांनी मला आणखी एक वर्ष दिलं, मग त्यापुढे आणखी एक.

मग दादासाहेबांनी रिपोर्ट लिहिला. तो इंग्रजीत छापला आणि मुंबईच्या बड्या लोकांना वाटला. संशोधन त्यांचं. मी ‘प्रयोगशाळेतील सहकारी’. घाटातला पहिला फोटो त्यात घातला होता, पण पोत्यावर बसलेली बाई कापून. भागीमावशीने विचारलं, "आमचं काय लिवलंय?"

"तुमच्या पेजेला त्यांनी स्थानिक वनस्पतिजन्य कोलॉइड म्हटलंय."

"आन मंग भाताला काय म्हनत्यात?"



वड्या दोन वर्षं चालल्या. चौकपासून खोपोलीपर्यंत पाच-सहा लॉऱ्या त्यावर धावत होत्या. मग युद्ध संपलं, पेट्रोल मोकळं होऊ लागलं. हुसेनभाईंनी पहिल्याच आठवड्यात ड्रम काढून अंगणात ठेवला आणि त्यात कोंबड्या सोडल्या. वड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. एका सकाळी मी कामावर आले तर धुराड्याची नळी काढलेली होती आणि ओढा काळा होता. मी दादासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, ते युद्धापुरतं होतं."

"आणि मामलेदार?"

"बदलून गेले. नव्यांकडे अजून अर्ज आलेला नाही."

अर्ज आला. तो मी लिहून दिला होता, भागीमावशीच्या अंगणात बसून, वाडीच्या नावाने, चांगल्या मराठीत. त्यानंतर आठ दिवसांनी प्रयोगशाळा खरोखरच बंद झाली. पुढच्या वर्षी तुमच्या आजोबांनी मला पाहायला येऊन विचारलं की नोकरी का सोडली. मी ही सगळी हकिगत सांगितली. चहा गार झाला, पण लग्न ठरलं. अर्जाची चौकशी गिरणी कायमची बंद पडेपर्यंत चालू होती. गिरणी तिच्या स्वतःच्या कारणाने बंद पडली.

या सगळ्यातून घ्यायचं तर एवढंच घ्या. प्रयोग अचानक यशस्वी झाला, तर लाल शाई बाजूला ठेवा. आधी साचा दाबणाऱ्या माणसाला विचारा, काल काय वेगळं केलंत. आणि मीरा, तुझ्या त्या कंपनीला माझा एक प्रश्न कळव. बाजारातला दुसरा माल स्वस्त झाला, की त्या दिवसापासून त्यांच्या ओढ्यात काय जाणार आहे?

गिरणीच्या जागी आता गोदामं आहेत. भागीमावशी, हुसेनभाई, दादासाहेब, कुणी नाही. ओढा आहे, पण त्याच्यावरून रस्ता गेल्यामुळे तो दिसत नाही. माझी वही आहे, लाल शाईच्या त्या पानासकट. आणि एक वडी आहे. टेबलावर, तुमच्या पत्रांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवलेली. ती अजून फुटलेली नाही.

तुमची,
आजी